आतून निरोगी

"ताई, हा गोळा कसला?"

पहिल्या बाकावरच्या मुलीनं उठून पडद्यावर बोटच टेकवलं. मास्तरीणबाईंचं बोलणं मध्येच तुटलं. खरं तर ती मास्तरीण नव्हतीच, डॉक्टरीच्या शेवटच्या वर्षाला होती. पण कॉलेजला सुट्टी असली की सोनोग्राफीचं छोटं यंत्र घेऊन शाळाशाळांतून फिरायची, मुलांना शरीर आतून दाखवायची, म्हणून वर्गमित्रानं हे नाव ठेवलं होतं. तो वर्गमित्र आत्ता शर्ट वर करून टेबलावर पडला होता. त्याला सगळे पैलवान म्हणत. दाखवायला निरोगी माणूस हवा, आणि याच्याइतका धडधाकट गडी अख्ख्या कॉलेजात सापडायचा नाही.

तिला हे सगळं इतकं पाठ झालं होतं की पडद्याकडे ती धड बघतही नसे. हात आपला आपण फिरे. हे यकृत, ही किडनी, घेवड्याच्या दाण्यासारखी. नजर मात्र मागच्या बाकावर कोण चाळे करतंय त्यावर.

आता तिनं पाहिलं. किडनीच्या खालच्या टोकाला लिंबाएवढं काहीतरी होतं. तिनं हात तिरका केला, दाबून पाहिलं. ते तिथंच.

"श्वास घे. रोखून धर," ती पैलवानाला म्हणाली.

पडदा मुलांकडे वळवलेला होता, त्याला काहीच दिसत नव्हतं. पण मुलांसमोर असं करायला ती कधीच सांगत नसे. त्यानं मुकाट्यानं श्वास घेतला. किडनी खाली सरकली, तसा गोळाही तिच्याबरोबर सरकला. म्हणजे तो किडनीलाच चिकटलेला होता.

"तो ना... आतड्यातला वारा आहे," ती मुलीला म्हणाली.

वारा म्हटल्यावर शाळेतली पोरं हसणार नाहीत तर काय करणार? सगळा वर्ग खिदळला. पैलवान हसला नाही.

घंटा झाली, मुलं बाहेर पडली. चित्र तिनं थांबवून ठेवलं होतं. त्यानं उठून पडदा आपल्याकडे वळवला आणि बराच वेळ बघत राहिला.

"तुला कधी दुखलं नाही का रे?"

"नाही गं." मग तो हळूच म्हणाला, "सुरुवातीच्या एका शाळेत एका मुलानं हेच विचारलं होतं. तेव्हाही तू वाराच म्हणालीस."

तिला आधी आठवेना. मग आठवलं. तेव्हा उन्हाळा होता. आता तिच्या अंगात स्वेटर होता.

"मी बघायला हवं होतं," ती म्हणाली आणि तिला रडू आवरेना.

"मीही हसलोच होतो की."

"ऊठ. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जाऊ."

"जाऊ. एवढा एक वर्ग होऊ दे, पोरं दाराशी उभी आहेत." त्यानं पोटावरचं चिकट जेल पुसलं, शर्ट खाली ओढला. "पण आता तू झोप. त्यांना निरोगी माणूस दाखवायचाय ना."

ती डोळे पुसून टेबलावर आडवी झाली. मुलं गलका करत आत आली, ढकलाढकली करत बसली. पैलवानानं पडदा पुन्हा मुलांकडे वळवला आणि यंत्र तिच्या कुशीवर टेकवलं.

"ही किडनी," तो मुलांना म्हणाला. "नीट बघा. काही वेगळं दिसलं तर लगेच विचारा."

मग तो म्हणाला, "आणि मी ‘काही नाही’ म्हणालो, तरी पुन्हा विचारा."