बारीक धार

शेवटचा दिवा बंद करून तिनं भिंतीला पाठ टेकली. यंत्र बंद करायला काही ताकद लागत नाही, बटण दाबलं की झालं. तरी ती डोंगर चढून आल्यासारखी दमली होती. पंप अजून चालू होता. अंधारलेल्या नळ्यांमधून पाणी नुसतंच पुढे सरकत होतं.

गावात तिला दिवेवाली बाई म्हणत. ती शहरातल्या प्रयोगशाळेतली रसायनतज्ज्ञ. इथल्या पंपघरात तिला एक कोपरा मिळाला होता. गावाच्या वरच्या अंगाला पावसाळी कापडाचा कारखाना होता. कापडावर पाणी टिकू नये म्हणून तिथं जे रसायन लावत, ते मुरत मुरत विहिरींत उतरलं. पुढे कारखाना बंद पडला, रसायन राहिलं. उकळून जाईना, गाळून जाईना. चिवट पाहुण्यासारखं ठाण मांडून बसलं.

तिच्या यंत्रात काचेच्या मण्यांवर पांढरी पूड चढवलेली होती. तिच्यावर दिव्यांचा उजेड पडला की ते रसायन तुटू लागायचं. घोडं अडायचं ते शेवटी. मोठं तुटायचं, पण त्याचे बारके तुकडे मागे राहायचे, आणि ते पोटात गेले तर काय करतात, हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. म्हणून साफ केलेलं पाणी मागच्या गटारात सोडून द्यायचं, असा नियम होता. तीन वर्षं तेच चाललं. मंजुरीची मुदत संपली, आणि काल प्रयोगशाळेतल्या साहेबांनी फोनवर सांगितलं, "आता बंद करून या, मॅडम."

बाहेरची तोटी बंद करायला ती मागच्या बाजूला गेली. गटार कोरडं ठणठणीत होतं. त्यात धूळ साचली होती. तोटीला कोणीतरी चिंधी गुंडाळून रबरी नळी जोडली होती, आणि ती नळी कुंपणाच्या भिंतीपलीकडे गेली होती.

भिंतीमागे पाच-सहा बाया कॅन घेऊन उभ्या होत्या. तिला पाहून त्यांचं बोलणं तुटलं. सगळ्यांत पुढे नळी धरून उभी होती तिची सख्खी थोरली बहीण. गेली तीन वर्षं इथं आली की ती याच बहिणीकडे जेवायची, तिच्या शिलाई मशीनशेजारी झोपायची.

"ताई, ओतून दे ते!" ती ओरडली. "दिवे बंद केलेत मी. हे तुमच्या नळाचंच पाणी आहे आता."

बहिणीनं घाईनं कॅन उपडा केला. "बंद केलेस? आणि आम्हाला कोण सांगणार होतं?"

"तुम्ही पिताय हे मला कुठं ठाऊक होतं? कधीपासून चाललंय हे?"

"टँकर यायचे थांबले तेव्हापासून. मी नाही पीत. माझं काय व्हायचं राहिलंय आता? लेकीला देते. सातवा लागलाय तिला."

"आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तू नळी कापली असतीस."

"कापलीच असती! अगं, अर्धवट तुटलेलं आहे ते. पिण्यालायक आहे हे अजून सिद्ध व्हायचंय."

बहिणीचा आवाज चढला नाही. आवाज चढायलाही अंगात त्राण लागतं.

"तुझ्या पाण्याचं सिद्ध व्हायचंय गं. आमच्या नळाचं वाईट आहे, हे तर तूच सिद्ध केलंस ना?"

ते खरं होतं. विहिरींची तपासणी तिनंच केली होती. भर सभेत आकडे तिनंच वाचून दाखवले होते. त्या दिवशी गावाच्या तोंडचं पाणी पळालं. तिचं कौतुक झालं. नळ तेच राहिले.

ती तिथंच दगडावर बसली. एक बाई कॅनचं झाकण उगाच लावत-काढत होती.

सुरुवातीला तिनं एकदा धार अगदी बारीक ठेवून पाहिली होती. पाणी उजेडात रेंगाळलं आणि त्या खेपेला तुकडेही उरले नव्हते. पण साहेब हसले होते. "एवढ्यानं गावाचं काय होणार? दर्या में खसखस!" मग तिनंही तो नाद सोडला आणि सगळ्या गावाला पुरेल अशा धारेमागे लागली. ती धार काही साधली नाही.

"ताई, पोटुश्या किती जणी असतील गावात?"

"असतील आठ-दहा. का गं?"

"आणि तान्ही मुलं?"

"तेवढीच धर."

ती उठली. "धार बारीक करून बघते. नमुना शहरात तपासून आणते. तोवर थेंबसुद्धा कोणी प्यायचा नाही. लेकीपुरतं पाणी मी शहरातून पाठवते. तपासणीत नीट उतरलं, तर या दोघांनाच मिळेल, पोटुश्यांना आणि तान्ह्यांना. तेही बेतानं. एक कॅन भरायला अर्धा दिवस लागेल."

"अर्धा दिवस?" झाकणवाली बाई म्हणाली. "मग आमच्या नळाहून लवकर भरेल की!"

कोणीतरी फिसकन हसलं. बहीण हसली नाही. तिनं नळी गुंडाळून खांद्यावर टाकली आणि रिकामा कॅन उचलला.

ती आत गेली. एकेक करून तिनं सगळे दिवे लावले. पाण्याच्या झडपेचं चाक फिरवत फिरवत जवळजवळ बंदच केलं. यंत्राच्या नळीच्या तोंडाशी दोऱ्याएवढी धार उरली. तिच्याखाली तिनं नमुन्याची बाटली धरली. हात दुखायला लागला तरी तळ झाकला नव्हता.

फोन वाजला. साहेब होते.

"बंद केलंत ना यंत्र, मॅडम?"

"केलं होतं, साहेब."