हरभऱ्याची आंब

सुमनबाईनं जुन्या धोतराचं धुडकं पिळलं आणि आंबेचा एक थेंब जिभेवर ठेवून पाहिला. आंबट होती, चांगली. धुडकं झटकून तिनं ते पुन्हा हरभऱ्यावरून ओढायला घेतलं. पानांवरची आंब दवासकट त्यात मुरली, की पिळून बाटली भरायची. थंडीनं बोटं बधीर झाली होती, भेगांत आंब चरचरत होती आणि कंबर तर केव्हाच कामातून गेली होती.

लेकीचं, महामायाचं, पोट दुखायचं, आणि पोटदुखीवर आंब हे सुमनबाईचं घरगुती औषध. ती नांदेडला शाळेत विज्ञान शिकवते. तिनंच एकदा आईला सांगितलं होतं, की हरभरा हे आंबट पाणी स्वतःसाठी करतो, अळीनं पानाला तोंड लावू नये म्हणून. सुमनबाईनं त्यातून आपल्याला हवं तेवढंच घेतलं. अळीला सोसत नाही ते माणसाला मानवतं, असं म्हणत ती दरवर्षी थंडीत बाटली पाठवत राहिली.

बांधावरून हाका मारत किशनराव आले. शेत त्यांचं.

"सुमनबाई, टाकून दे ते. परवा सांजच्याला पोरानं फवारलंय. तुला सांगायचं राहूनच गेलं बघ."

"फवारलंय? आंब असताना?"

"नुसत्या आंबेवर अळी थांबत न्हाई आता."

सुमनबाईनं थुंकून तोंड पुसलं. स्वतःचं तिला काही वाटलं नाही. पण काल पहाटे याच शेतात भरलेली एक बाटली तिनं उमरीच्या स्टँडवर नांदेडच्या एसटीत कंडक्टरजवळ दिली होती. महामायानं ती रात्रीच नेली असणार, आणि आता अनशापोटी दोन घोट घेतले असले तर? 

कमरेच्या पिशवीतून तिनं फोन काढला. ओल्या बोटांनी बटणं नीट दबेनात. एकदा लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. 

"आई, इतक्या सकाळी?"

"माय, ती बाटली पेऊ नको. पेलीस का? फवारलेलं औषध हाय त्यात."

"न्हाई पेली."

"घोटभर बी न्हाई? खरं सांग."

"आई, भिऊ नको. मी कधीच पेत नसते. बाटली आली की बेसिनात ओतून देते. तुला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाई."

"दरसाली?"

 तिकडून "हाव" आलं, अगदी हळू.

"बरं केलंस माय," सुमनबाई म्हणाली. मनापासून म्हणाली. लेक सुखरूप होती, याहून तिला काय हवं होतं. फोन ठेवला आणि तिला एकदम इतका शीण आला, की ती तिथंच ओल्या बांधावर बसली.

"पेली का पोरीनं?" किशनरावांनी भीत भीत विचारलं.

"न्हाई," सुमनबाई म्हणाली. "पोरगी शहाणी हाय."