अंगणात आलेलं गवत

डोंगराची माती धरून ठेवायला उतारावर नव्या जातीचं गवत लावलं होतं. एके सकाळी त्याचे चार ठोंब भागीरथीला स्वतःच्या अंगणात दिसले. शेजारचे धोंडूभावजी गवत लावून हद्द सरकवताहेत, असा तिला संशय आला. तिने ठोंब उपटून टाकले. दोन दिवसांत सात उगवले. मग गवताच्या पाहणीला आलेल्या बाईंकडे तिने सरळ तक्रारच केली.

बाई खाली वाकून बघत राहिल्या. "हे कुणी लावलेलं नाही, ताई. जिथली माती आतून सुटायला लागते, तिकडे हे आपोआप सरकतं. घर आजच सोडा."

हाही धोंडूचाच डाव, असं म्हणत भागीरथी घरात, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंकडे गेली. चुलीमागची जमीन फोडून हिरवी पाती वर आली होती.

तिने कुंपणाशी धावत जाऊन हाक मारली, "भावजी, सासूबाईंना उचलायला या, लवकर!"