भिंतीकडे तोंड

हातोड्याचा पहिला घाव लेझरवर पडला. नळीच्या काचांचा चुरा नेवेनाच्या पायांवर उडाला. दुसऱ्या घावाला टाकी फुटली आणि मोरचुदाचं निळं पाणी फरशीभर पसरलं.

“कामेन, पुरे!”

“पुरे कसलं? आत्ता कुठे सुरुवात केलीय, ताई.”

तिचा धाकटा भाऊ सकाळपासून राकिया ढोसत होता. वडिलांच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीत प्रसाद म्हणून वाटलेले गोड गहू तो त्यांच्या थडग्यावर थुंकला, आणि तिथून थेट त्यांच्या वर्कशॉपमध्ये आला. दारावर चिकटवलेला, बाबांच्या फोटोचा काळ्या चौकटीतला निधनवार्तेचा कागद त्याने येता येताच टराटरा फाडला होता.

“ती काच दे इकडे.”

नेवेनाने काच छातीशी धरली. बाबांचं शेवटचं काम. लेझरचा ठिपका त्या निळ्या पाण्यातून काचेवर जिथे पडे, तिथेच तांबं धरे. केसाहून बारीक रेघांची नक्षी निम्मी उमटली होती. उरलेली तिला पुरी करायची होती.

“तुला सगळं शिकवलं त्यानं. आणि मला? हा कान!” त्याने डावा कान पिरगाळून दाखवला.

किरण डोळ्यांत गेला तर दृष्टी जाई. म्हणून बाबांनी “प्रकाश!” अशी हाक दिली की दोघा भावंडांनी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटायचे, ते “उघडा” म्हणेपर्यंत. सात वर्षांच्या कामेनने एकदा बोटांच्या फटीतून पाहिलं. बाबांनी त्याला रक्त येईस्तोवर मारलं. त्या कानाने त्याला पुन्हा ऐकू आलं नाही.

त्याने तिला ढकललं. तिचं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं, रक्त डोळ्यात उतरलं. काच मात्र सुटली नाही.

“हात फोडीन, सांगून ठेवतो!”

“फोड.”

हातोडा वर गेला. नेवेनाच्या तोंडून काय निघालं ते तिचं तिलाच कळलं नाही.

“प्रकाश!”

आणि तिने डोळे गच्च मिटले.

घाव आला नाही. काहीतरी जड फरशीवर आदळलं. टाकीतून पाणी ठिबकत राहिलं. बऱ्याच वेळाने तिने रक्ताने चिकटलेली पापणी उघडली.

फुटक्या लेझरच्या तुकड्यांत कामेन भिंतीकडे तोंड करून उभा होता. दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबलेले. बोटांत कुठेही फट नव्हती.

“ताई,” तो म्हणाला, “उघडू?”