शंभर टक्के जडीबुटी

पुरुषांच्या कमजोरीवर पुड्या विकणारा औषधवाला मागच्या खोलीत खलबत्ता घेऊन बसला होता. मुळ्यांच्या भुकटीत केमिस्टकडच्या निळ्या गोळ्या कुटून घातल्या की पुडीला गुण यायचा, आणि लाजत आलेलं गिऱ्हाईक पुन्हा लाजत यायचं. "शंभर टक्के जडीबुटी!" तो छातीठोकपणे सांगायचा. केमिस्ट मात्र दर वेळी बजावायचा, "हृदयाच्या पेशंटला चुकूनही देऊ नकोस. छातीत दुखलं म्हणून त्याने जिभेखालची गोळी घेतली, तर दोन्ही मिळून बीपी असं कोसळेल की माणूस हाती लागायचा नाही."

"मी काय दूधखुळा आहे?" तो हसून म्हणायचा.

फोन वाजला. वहिनीचा होता.

"भावजी, घाबरू नका. ह्यांच्या छातीत कळ आली होती. डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली ठेवली, तेव्हा कुठे आता शांत पडलेत."

त्याच्या हातातला बत्ता थांबला. थोरल्या भावाला त्याने कधीच पुडी दिली नव्हती. तरीही त्याने विचारलंच.

"वहिनी, दादाने आज दुसरं काही घेतलं नाही ना?"

"छे हो! बाहेरचं काही पोटात जाऊ देतात का ते? काल तुम्ही जेवायला गेला होतात, तेव्हा ह्यांनीच तुमच्या दुकानातून एक पुडी आणली होती, ती तेवढी मघाशी दुधातून घेतली. म्हणाले, आपल्या धाकट्याच्या हातची आहे, तिला काय भ्यायचं!"