सुनेचे तोडे

मुंबईत शेअरांचे कागद मातीमोल झाले त्या सालची गोष्ट. कळव्याच्या मिठागरावरच्या बायजाने धसका घेतला आणि घरातल्या पैशांची चांदी घेऊन सुनेच्या पायांत तोडे ठोकून बसवले. तोडे एवढे जड, की सून चालली की मागे पावलांच्या विहिरी पडत, खोटं नाही सांगत! बायजा मिरवायची, "चोराला सुनेसकट चांदी उचलावी लागेल!" मग उधाणात मिठागराचा बांध फुटला. सगळे पळाले. सून चिखलात रुतून ओरडली, "आत्याबाय, पाय निघत नाहीत!" बायजाने गळ्याएवढ्या पाण्यात मागे फिरून तिला ओढून काढलं. उंचावर आल्यावर सुनेचे सोललेले घोटे बघून बायजाची मान वर होईना. "माझंच पाप गो. उद्याच सोनाराकडून काढून घेऊ." सून म्हणाली, "आणि एवढी चांदी ठेवायची कुठे?" बायजाने स्वतःचे पाय पुढे केले. "इथे. मला आता कुठे पळायचंय?"