माजं न्हाई म्हनून लिव

अश्विनीनं वहीत ‘सर्वानुमते’ हा शब्द लिहूनसुद्धा टाकला, आणि तेवढ्यात तिच्या सासूबाई बोलल्या.

“माजं न्हाई म्हनून लिव.”

पासलीच्या भैरोबाच्या मंडपात सगळं गाव बसलं होतं. ठकुबाईंनी आवाज चढवला नव्हता, तरी सुपारी कातरणारे हात थांबले. मंडपातला जुना दगड काढून चकचकीत फरशी बसवायची, एवढाच ठराव. फरशी अश्विनीनंच भोरला जाऊन पसंत केली होती, तांबूस, वर बारीक नक्षी असलेली. लग्नाला सात वर्षं झाली, पण गावानं तिच्या आवडीला मान दिला तो पहिल्यांदाच. आणि आडवं कोण यावं, तर घरचंच माणूस!

त्यात पासलीची रीत मोठी कडक. देवाचं काम एका तोंडानं ठरायचं. एकाचाही नकार आला की नारळ फुटत नाही आणि काम बारगळतं.

मग काय, जो तो म्हातारीच्या मागं लागला. बैठकीचा शेवटचा शब्द ज्यांचा, त्या गेनबांनी वडीलकीनं समजावलं. पोटच्या पोरानं, गोरखनं, चारचौघांत हात जोडले. खर्च जास्त वाटतो का, कुणी काही बोललं का, सगळं विचारून झालं. ठकुबाईंचं उत्तर एकच, दगड आवडतो, फरशी आवडत नाही. आता आवडीला कारण कुठून आणायचं? कारलं आवडणाऱ्याला कुणी कारण विचारतं का?

कोंडिबा म्हणजे गावचे जुने कारभारी, भलते बेरकी. ते अश्विनीजवळ सरकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “पोरी, शब्द हाय तसा राहू दे. तिला कुठं वाचता येतंय?”

खोटं नव्हतंच ते. ‘लिहिलं हो’ म्हणून नुसती मान हलवायची, की फरशी मंडपात. तिनं वर पाहिलं. ठकुबाई तिच्याकडंच बघत होत्या, पण संशयानं नाही. सुनेनं लिहिलं म्हणजे लिहिलंच, असं त्या निवांत बसल्या होत्या. अश्विनीला त्याचाच राग आला. म्हातारीनं जरा संशय घेतला असता, तर सोपं तरी गेलं असतं.

तिनं शब्दावर रेघ मारली. खाली लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, “ठकुबाईंना हा ठराव पसंत नाही.”

कोंडिबांनी कपाळाला हात लावला. गोरखनं पुढ्यातला नारळ मुकाट पिशवीत घातला. लोक गुडघ्यांवर हात टेकून उठायला लागले. अश्विनीला रडू आवरेना. फरशी गेली, आणि घालवली तीही आपल्याच हातानं.

“उठताय कुठं समदी?” ठकुबाई म्हणाल्या.

गेनबा वैतागले. न्हाई म्हणून बसल्यावर आता काम कसलं व्हायचं, असं त्यांनी विचारलं.

“काम करू नगा असं म्या कवा म्हनले? मला आवडत न्हाई, एवढंच म्हनले. तुमाला आवडतीया, तर बसवा की. पर माज्या न्हाईला व्हय म्हनून लिवू नगा.”

पासलीत ‘नाही’ म्हणजे ‘होऊ देणार नाही’, असंच आजवर सगळे धरून चालले होते. गेनबांनी भैरोबाकडं पाहिलं, मग गोरखकडं, आणि मान हलवली. नारळ पिशवीतून परत बाहेर आला.

ठकुबाईंनी वही ओढून घेतली, आपल्या नकाराखाली अंगठा उठवला, आणि शाई पदराला पुसत सुनेकडं वळल्या.

“उद्या दगुड काडायला किती वाजता यायचं?”